गाडीची किल्ली कोणाकडे आहे, ते आधी विचार

पत्र : ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. दोन वर्षांपूर्वी चोपड्याला बसस्टँडजवळ दोन खोल्या भाड्याने घेऊन लहान मुलांचं थेरपी सेंटर सुरू केलं. ऑटिझम (स्वमग्नता) असलेली १४ मुलं येतात, ९ वेटिंगवर आहेत. माझी अडचण हजेरीची. लासूरकडचा साडेचार वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला मंगळवार-गुरुवार सकाळी ११ ची वेळ दिली आहे. गेल्या दोन महिन्यांत १६ पैकी ५ सेशन झाली. फोन केला की आई म्हणते, ‘पुढला मंगयवारले येसूत’ (पुढच्या मंगळवारी येऊ). आजीचं म्हणणं, ‘त्याना बाप बी उशिराच बोलना व्हता.’ परवा वडिलांनी बाहेर बसलेल्या दोन पालकांसमोर सांगितलं, इथं येऊन काही फरक पडत नाही. मला रडू आलं. आता मी बोर्ड लावणार आहे : तीन खाडे झाले की नाव कमी, महिन्याची फी आगाऊ, चुकलेल्या सेशनचे पैसे परत मिळणार नाहीत. मध्ये पुण्याच्या कोर्समुळे आठ दिवस सेंटर बंद ठेवावं लागलं, तेवढं सोडलं तर मी एकही दिवस चुकवलेला नाही. त्या मुलाचं नाव कमी करू का? आणि नवीन येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी काय सांगू, म्हणजे पुन्हा ही वेळ येणार नाही? (नाव छापू नये.)

उत्तर :

तुला ‘तू’च म्हणते, माझ्या पुतणीच्या वयाची असशील.

बोर्ड लावू नकोस. मी लावला होता. धुळ्यात स्पेशल एज्युकेटर म्हणून काम सुरू केलं त्याच्या तिसऱ्या वर्षी, लाल रंगात, तुझ्याच शब्दांत : ‘तीन गैरहजेरीनंतर नाव रद्द.’ पहिलं नाव रद्द झालं ते साक्री तालुक्यातल्या, पार पिंपळनेरच्या पुढच्या एका मुलाचं. एप्रिलअखेर सलग तीन खाडे. मी रजिस्टरवर रेघ मारली आणि त्याची वेळ दुसऱ्याला दिली. जूनमध्ये त्याची आई आली, काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने, पोराचा हात धरून. तेव्हा कळलं की त्यांच्या गावाला येणारी एसटी ही शाळेची फेरी होती. शाळा सुटल्या, फेरी बंद झाली. एक दिवस ती मोठ्या रस्त्यापर्यंत पोराला घेऊन पायी निघाली होती. डांबर तापलेलं, पोरगं रस्त्यातच आडवं झालं, मग ती परत फिरली. फोन का नाही केला, असं मी विचारलं. म्हणाली, फोन यांच्याजवळ असतो.

मी बोर्ड त्याच संध्याकाळी काढला असं लिहायला मला आवडलं असतं. काढला नाही. आणखी वर्षभर तो भिंतीवर होता, कारण तो काढणं म्हणजे आपलं चुकलं हे कबूल करणं होतं. पण त्या बाईचं एक वाक्य डोक्यात राहिलं. फोन नवऱ्याजवळ, मोटारसायकलची किल्ली दिराजवळ, पैसे सासऱ्याजवळ. आणि हजेरीचा नियम मी सांगितला होता तिला!

तुझ्या पत्रात हीच गोष्ट आहे, फक्त तू ती वेगवेगळ्या वाक्यांत लिहिली आहेस. ‘येसूत’ असं आई म्हणते. ‘बाप पण उशिरा बोलला’ असं आजी म्हणते. ‘फरक पडत नाही’ असं वडील म्हणतात. मला सांग, हे तिघं तुझ्यासमोर एकत्र कधी बसले? बहुतेक कधीच नाही. ज्या माणसाच्या हातात यायचं-न यायचं आहे, त्याच्याशी तुझं हजेरीबद्दल एकदाही बोलणं झालेलं नसेल. आई ‘येसूत’ म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नाही. तिच्या हातात नसलेल्या गोष्टीचं वचन तुला वाईट वाटू नये म्हणून देते.

म्हणून नवीन येणाऱ्यांचं आधी सांगते. पहिल्या दिवशी मुलाला हातच लावू नकोस. म्हणजे खेळू दे, बघ, पण सेशन म्हणून काही करू नकोस. तो तास घरच्यांचा. आणि ‘आईला पाठवून द्या’ असं म्हणायचं नाही. म्हणायचं, ‘घरात जे ठरवतात त्यांनाही आणा, एकदाच लागेल.’ आजी-आजोबा असतील तर उत्तम. रविवार सकाळ ठेव हवं तर.

मग विचार. नियम नंतर, आधी प्रश्न. गावाहून गाडी कितीला सुटते, परतीची कितीला? मोटारसायकलवर येणार असाल तर ती कोण चालवतं, आणि त्याच्या शेतात पाण्याची पाळी असते तेव्हा कोण आणेल? धाकटं मूल आहे का, ते कोणाजवळ राहील? आई कापूस वेचायला जाते का? केळीची बाग असेल तर व्यापाऱ्याची गाडी कधीही येते आणि कटाईच्या दिवशी घरातला एकही बाप्या मोकळा नसतो, हे तुला चोपड्यात मी काय सांगावं! सातपुड्याच्या पायथ्याची पाड्यावरची कुटुंबं असतील तर दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा कामाला गुजरातकडे जाणार का, हे सरळ विचार. लाजून विचारलंस तर लाजून खोटं उत्तर मिळेल.

मग भिंतीवरचं कॅलेंडर पुढे ठेव आणि वर्ष त्यांच्याकडून वदवून घे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी किती दिवस? (माहेरी गेलेल्या लेकीला ‘तीन दिवसांत परत ये, थेरपी आहे’ असं सांगणारी थेरपिस्ट खान्देशात टिकायची नाही, मी आधीच सांगते.) घरात यंदा लग्न आहे का? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपली खान्देशातली देवी, बसते, सोमवारी विसर्जन, म्हणजे त्या सोमवारी आणि बहुतेक मंगळवारीसुद्धा भाऊबंद जमलेल्या घरातून कोणी निघत नाही. पोळा, यात्रा, वेचणीचा ऑक्टोबर ते डिसेंबर. हे सगळं त्यांच्यासमोर पेन्सिलने खोडत गेलीस की उरलेलं वर्ष हातात येतं. ते तुझ्या अंदाजापेक्षा कमी असेल. पण खरं असेल.

आता आकडा. तुझी आठवड्याला दोन सेशन आहेत, म्हणजे महिन्याला साधारण आठ. मी सहा मागायचे. आठ मागितली की चार होतात आणि दोन्ही बाजू एकमेकांवर नाराज. सहा मागितली की सहा होतात. आणि त्या सहाचं कारण नीट सांग, ‘नियम आहे’ म्हणून सोडू नकोस. ऑटिझम असलेल्या मुलाला पुढे काय होणार हे माहीत असलं की धीर येतो. मंगळवार म्हणजे ही खोली, हा झोका, ही बाई, एवढं त्याच्या मनात बसायला वेळ लागतो. तीन आठवडे खंड पडला की पुढची दोन सेशन नुसती खोलीत शिरण्यात, चपला काढण्यात जातात. पालकांना ते दिसतं, पण त्यांना वाटतं पोरगं हट्टी झालं. त्यांना सांग, ‘विहिरीचं काम अर्ध्यावर सोडून पावसाळ्यानंतर गेलात तर आधी गाळ काढावा लागतो, तसं.’ शेतकऱ्याला हे लगेच समजतं.

सहा जमणारच नाहीत असं पहिल्याच दिवशी दिसलं तर? वेचणीला जाणारी आई, एसटीच्या दोनच फेऱ्या, धाकटं तान्हं. अशा घरांना सहाचं वचन मागणं म्हणजे मोडायलाच वचन घेणं. तिथं आराखडा बदल. पंधरा दिवसांतून एकदा बोलव, पण दीड तास. त्यात मुलाशी तू कमी खेळ आणि आईला जास्त खेळू दे, तू बघ, सुधार, मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून तिचा तिलाच दाखव. मधल्या पंधरा दिवसांत घरी रोज अर्धा तास. हे दुय्यम दर्जाचं काम आहे असं मनात आणू नकोस. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत याच पद्धतीची एक रीतसर चाचणी झाली होती. सहा महिन्यांत १२ च्या आसपास भेटी, दर पंधरवड्याला एक, आणि त्या घेणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद द्यायला शिकले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त ते छापून आलं. आपल्याकडे कोणी मनावर घेतलं नाही, ही वेगळी गोष्ट.

मला स्वतःला हे कळलं ते एसटीमुळे. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. तेव्हा मी जळगावात होते. यावल, रावेर, पारोळा, सगळीकडची मुलं घरी. रजिस्टरची पानंच्या पानं कोरी. संप मिटल्यावर मुलं परत आली तेव्हा सरळ दोन गट दिसले. ज्यांच्या आया सेशनमध्ये आत बसायच्या, त्यांची मुलं जिथं होती तिथंच होती, काही पुढेही गेलेली. ज्यांना आम्ही ‘तुम्ही बाहेर बसा, तो तुमच्यासमोर ऐकत नाही’ म्हणून बाहेर बसवलं होतं, त्यांची बरीच कमाई गेलेली. आयांना बाहेर आम्हीच बसवलं होतं. तेव्हापासून मी हजेरी दोन रकान्यांत लिहिते : सेंटरवरची आणि घरची. घरच्या रकान्यात आईने रोज फक्त एक टिंब द्यायचं, केलं असेल तर. दुसऱ्या रकान्यात २० टिंबं असली तर पहिल्यातले दोन खाडे मला खुपत नाहीत.

दंडाचं मात्र मी तुझ्याशी भांडणार आहे. ‘चुकलेल्या सेशनचे पैसे परत नाहीत’ हे वाचायला न्याय्य वाटतं. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांत एक प्रयोग झाला होता. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना छोटा दंड सुरू केला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, जवळजवळ दुपटीवर गेला. आधी उशीर झाला की बाईंसमोर शरमायला व्हायचं. दंड आल्यावर पालकांना वाटलं, आपण या उशिराचे पैसे भरतोय, मग शरम कसली? आणि पुढे दंड रद्द केला तरी उशीर तसाच राहिला. २००० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. चोपड्यातही हेच होईल. ज्याच्याकडे पैसा आहे तो भरेल आणि निवांत खाडा करेल. ज्याच्याकडे नाही तो दंड चुकवायला येणंच बंद करेल, आणि बसस्टँडवर तू दिसलीस तर तोंड फिरवेल. पूर्ण महिन्याची आगाऊ फी मजुरीवरच्या घराकडून तर मागूच नकोस. त्यांचा पैसा आठवड्याच्या बाजाराला हातात येतो.

पण तुझंही भाडं आहे, हे मला मान्य आहे. तू एकटी आहेस, रिकामी गेलेली ११ ची वेळ तुला कोणी भरून देत नाही, आणि ९ मुलं वाट बघताहेत. म्हणून मी जे करायचे ते सांगते. आदल्या रात्री आठपर्यंत कळवलं तर तो खाडाच नाही, त्याच आठवड्यात रिकामी वेळ असेल तर बदली सेशन. ताप, जुलाब, अंगावर पुरळ असेल तर सकाळी कळवलं तरी चालेल, उलट अशा वेळी आणूच नका, बाकीच्या मुलांचा विचार करा. न कळवता पहिला खाडा, मी फोन करायचे, आईला नाही, त्या ‘ठरवणाऱ्या’ माणसाला. दुसरा न कळवता खाडा, भेटायला बोलवायचे. तिसरा झाला की ठरलेली वेळ जायची. वेळ, बरं का. मुलाचं नाव रजिस्टरवर राहायचं. ते मूल मग ‘मोकळ्या वेळेच्या’ यादीत, ज्या दिवशी दुसऱ्या कोणाची वेळ रिकामी होईल त्या दिवशी यांना फोन. पुन्हा दोन महिने नीट आले की पक्की वेळ परत. लोकांना हे पटतं. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरली आणि माणूस आलाच नाही तर जागा दुसऱ्याला जाते, पण त्याला बसमधून कोणी उतरवत नाही.

कळवायची सोय मात्र गरिबाच्या फोनला झेपेल अशी ठेव. रिचार्ज संपलेला असतो. मिस्ड कॉल आला की ‘आज येत नाही’ असं समजायचं, एवढं ठरवून टाक. माझ्याकडे निम्मे निरोप असेच यायचे.

हे सगळं एका कागदावर, आठ-दहा ओळींत, ठळक अक्षरात. ‘उपस्थिती धोरण’ असलं काही वर लिहू नकोस. ‘आपलं ठरलं ते’ असं लिही. खाली सही तुझी पण हवी, कारण त्यात तुझ्याही दोन ओळी असायला हव्यात : मी सेंटर बंद ठेवणार असेन तर आठ दिवस आधी सांगेन, आणि ११ ची वेळ म्हणजे ११ ला सुरू करीन.

इथं पुण्याच्या कोर्सचा विषय निघतोच. तू तो वाक्यात मध्येच सरकवला आहेस. ते आठ दिवस या दोन महिन्यांतच आले का? आले असतील तर १६ मोजताना तू ते वजा केलेस का? आणि लासूरला तेव्हा आधी निरोप गेला होता, की ते कुटुंब बंद दारासमोरून परत गेलं? मला माहीत नाही, पण मी त्या बापाच्या जागी असते आणि पोराला मांडीवर दाबून लासूरहून येऊन कुलूप बघितलं असतं, तर मीही चारचौघांत बोलले असते.

त्या ‘फरक पडत नाही’ने तुला रडवलं. समजू शकते. पण ते वाक्य मला अपमानापेक्षा माहिती जास्त वाटतं. बापाला फरक म्हणजे ‘पप्पा’ म्हणणं. तू काय बघतेस? हाताला धरून ओढण्याऐवजी त्याने झोक्याकडे बोट केलं, हाक मारल्यावर तिसऱ्या हाकेला वळायचा तो आता पहिल्या हाकेला वळतो. हे तू तुझ्या फाईलमध्ये लिहितेस, इंग्रजीत. बापाला ते कुठं दिसणार? दर महिन्याच्या शेवटच्या सेशनला दहा मिनिटं काढून घरच्यांना तीन गोष्टी सांग, मराठीत किंवा अहिराणीत : महिन्यापूर्वी काय करत नव्हता, आता काय करतो, पुढच्या महिन्यात कशाकडे लक्ष ठेवायचं. आणि काहीच झालं नसेल तर तेही सांग, आणि मी पद्धत बदलतेय हेही. हजेरीवर याच्याइतका परिणाम मी कशाचाच पाहिला नाही. उलट बाजूही असते. पोरगं दोन शब्द बोललं की ‘झालं काम’ म्हणून बंद करणारे. त्यांनाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं की शब्द आले म्हणजे गाडी सुटली, पोचली नाही.

खाड्यांची दोन कारणं आहेत जी कोणी तोंडाने सांगत नाही. एक ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, आणि यातल्या कितीतरी मुलांना घाम, कपड्याचा चिकटा, एसटीचा हॉर्न हे तुझ्या-माझ्यापेक्षा दहापट टोचतं. सकाळी ११ ला येऊन साडेबाराला परत निघणं म्हणजे सेशनमध्ये मिळवलेलं स्टँडवर घालवणं. उन्हाळ्यात साडेसातची वेळ कर. तुला लवकर उठावं लागेल. दुसरं कारण लाज. तुझं सेंटर बसस्टँडजवळ आहे, सोयीचं आहे, आणि म्हणूनच सगळं गाव बघतं. ‘तुमच्या पोराला काय झालंय?’ हे विचारणारा एक तरी सोयरा रोज त्या स्टँडवर असतो. घरात नणंदेचं लग्न जमवायचं चाललं असेल तर पोराला घेऊन त्या पायऱ्या चढायच्या नाहीत, असं घरात ठरलेलं असतं आणि तुला सांगितलं जातं, ‘पाहुणे आलेत.’ अशा आईवर नियम चालत नाही. मागचं दार असेल तर ते वापरू दे. पाटीवरचे मोठे शब्द काढून ‘बालविकास केंद्र’ एवढंच लिहिलंस तरी दोन-तीन घरं वाढतील.

आजीबद्दल. ‘बाप पण उशिरा बोलला’ याला खोडून काढू नकोस. खरंही असेल. तिला विचार, तो बोलत नव्हता तेव्हा खुणा करायचा का, तुझ्याकडे बघून हसायचा का, काही आवडलं तर आणून दाखवायचा का? आजी आठवू लागते आणि मध्येच गप्प होते. फरक तिला तिथंच समजतो. मग तिला काम दे. ती भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसते तेव्हा नातवाला समोर बसवायचं, दाणा चिमटीत धरून आपल्या डोळ्यांजवळ न्यायचा आणि थांबायचं. त्याने बघितलं की दाणा त्याचा. रोज दहा मिनिटं. (खायला दाणा कुटून, आणि गिळताना लक्ष ठेवून, हे सांगायला विसरू नकोस.) माझ्याकडच्या सगळ्यात चिवट हजेरीची कुटुंबं अशी होती जिथं आजीला काम होतं. मग तीच सुनेला हाकलते : ‘ऊठ, आज मंगयवार शे.’

लासूरच्या मुलाचं नाव कमी करू नकोस. मंगळवार-गुरुवारची ११ ची वेळ मात्र वेटिंगवरच्या पहिल्या दोन मुलांना एकेक दिवस देऊन टाक, पण आधी त्यांना कळवून. फोन वडिलांना कर, संध्याकाळी सातनंतर, शेतातून आल्यावर. त्या दिवशीच्या बोलण्याचा विषय काढू नकोस, तो त्यांच्याही लक्षात असेल. एवढंच म्हण : ‘भाऊ, दोन महिन्यांत पाच वेळा येणं झालं. यात तुमचं चुकलं की मी वेळ चुकीची दिली, हे मला कळत नाहीये. मी रविवारी घरी येते, आजीही असतील तेव्हा. तुम्हाला कोणता दिवस जमतो ते बघू. सध्याची वेळ मी दुसऱ्या मुलांना देतेय, पण तुमच्या मुलाची जागा माझ्याकडे आहे.’ भाऊच म्हण, सर वगैरे नको. घरी गेलीस की तो घरात कुठं बसतो, कशाशी खेळतो, कोणाजवळ जातो हे बघून घे, तुझ्या दोन महिन्यांच्या फाईलपेक्षा जास्त कळेल. चहा घे. नाही म्हणू नकोस.

त्यानंतरही आले नाहीत तर तीन महिन्यांनी एक फोन कर, आणि मग सोड. काही घरं आपल्याकडे येण्याच्या वेळेला आलेली नसतात. ती दोन वर्षांनी येतात, शाळेने परत पाठवल्यावर. तेव्हा ‘मी सांगत होते’ हे वाक्य गिळायची तयारी आत्ताच ठेव.

एक कागदी काम राहिलं. अशा घरांचा खर्च जिथं हलका होईल तिथं कर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण चोपड्यात येणाऱ्या निम्म्या पालकांकडे अजून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची. त्यात थेरपीच्या खर्चालाही जागा आहे, मात्र पावत्या लागतात. म्हणून प्रत्येक सेशनची पावती दे, पन्नास रुपयांची असली तरी. एसटीत महिलांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीटच नाही. लासूरचा मुलगा सहा महिन्यांनी पाचचा होईल, मग तिकीट लागेल, त्याच्या आत दिव्यांग प्रमाणपत्राचं काम सुरू करून दे. रविवारी जाशील तेव्हा फॉर्म बरोबर ने.

आणि पुण्याचा पुढचा टप्पा कधी आहे? तारखा आजच दारावर चिकटव.